उजवा डोळा, मग डावा

१

आधीच सांगून टाकते, भुताखेतांच्या गोष्टी सांगत फिरणाऱ्यांतली मी नाही. एकतीस वर्षं नर्स म्हणून काढली, त्यातली शेवटची अकरा डोक्याला मार लागलेल्यांच्या वॉर्डात. माणसं जाताना पाहिली, परत येतानाही पाहिली. त्यात गूढबिढ काही नसतं. असतं ते काम, आणि काम संपल्यावर ठणकणारे पाय.

म्हणून माझी ताई माळ्यावरची बॅग काढताना स्टुलावरून पडली, एकोणीस दिवस शुद्धीवर आली नाही आणि हॉस्पिटलवाल्यांनी "आता घरीच ठेवा" म्हणून सांगितलं, तेव्हा मी रडत बसले नाही. बॅग भरली आणि तिच्या घरी जाऊन धडकले. दार भाऊजींनी उघडलं. भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. शिलाई मशिनं दुरुस्त करतात. ताई शिवणाचे वर्ग घ्यायची, हे तिचं मशीन दुरुस्त करायला म्हणून आले आणि जावई होऊन बसले. ते मशीन अजूनही मधूनच धागा तोडतं.

"आलीस मेहुणीबाई? बरं झालं," ते म्हणाले. "घरात कोणीतरी ओरडायला हवंच होतं. इतकी शांतता मला नाही सोसत."

"आधी दाढी करा," मी म्हटलं. "ताईने डोळे उघडले आणि समोर हे ध्यान दिसलं, तर परत मिटून घेईल."

हसले बिचारे. पण हसता हसता त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ते वळून आत गेले.

गोष्ट अशी होती की डॉक्टर गुरुवारी यायचे होते. तोवर मी सकाळी आठ ते रात्री आठ, दर दोन तासांनी ताईला तपासून चार्ट भरायचा. सुधारणेची काही खूण दिसली तर पुढे उपचार. नाही दिसली तर तिला दूरच्या एका संस्थेत कायमचं ठेवायचं. तिथे नळीने अन्न घालतात, कूस बदलतात आणि महिन्यातून एकदा भेटू देतात. तिथून कोणी घरी येत नाही, हे मला नोकरीमुळे माहीत होतं. भाऊजींना कोणी न सांगता कळलं होतं.

२

मागच्या खोलीत, जिथे ताईचे वर्ग चालायचे, तिथे तिची खाट टाकली होती. भिंतीला लागून पाच मशिनं, त्यांवर तिनेच शिवलेल्या फुलाफुलांच्या खोळी. डॉक्टरांनी उजेड कमी ठेवायला सांगितला होता, म्हणून भरदिवसाही जाड पडदे ओढलेले. ऐकू यायचा तो ताईचा श्वास, आणि वरच्या मजल्यावर कोणी नळ सोडला की भिंतीतून जाणारं पाणी.

डोळे तपासायची माझी टॉर्च म्हणजे किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेली बोटाच्या पेराएवढी लाल चीज. निवृत्तीच्या दिवशी वॉर्डातल्या पोरींनी दिली होती. दोन्ही बाजूंनी दाबलं की लागते, सोडलं की विझते. उजेड मवाळ. बेशुद्ध माणसाच्या पापण्या उचलायच्या, आधी उजव्या डोळ्यात उजेड टाकायचा, मग डाव्या. आतली काळी बाहुली उजेडाने आकसते का, दोन्हीकडे सारखी आकसते का, ते लिहायचं. हे मी इतक्या वेळा केलंय की झोपेतही करीन.

सोमवारी सकाळी दहाला मी ताईच्या उजव्या डोळ्यात टॉर्च टाकली आणि ती फडफडली. लागली, विझली, लागली, विझली. बल्ब सैल झाला होता. दोन दिवस नखरे चालूच होते तिचे, तळहातावर आपटली की सुधारायची. तशी आपटली. लागली. बाहुली आकसली. आणि मेली पुन्हा विझली.

टॉर्च विझली, पण ताईच्या डोळ्यातला ठिपका विझला नाही.

बाहुलीच्या काळ्यात, अगदी मधोमध, सुईच्या टोकाएवढा पिवळट ठिपका. मी डोळे मिचकावले, पुन्हा पाहिलं. होताच. मग पापणी माझ्या बोटाखालून निसटली.

३

यात घाबरण्यासारखं काय आहे? उजेडाकडे बघून नजर हलवली की आपल्याच डोळ्यापुढे ठिपके नाचतात. मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर ठिपका नव्हता. बरं, मग पडद्याची फट असेल. मी कपडे वाळत घालायचे चिमटे आणून पडद्याच्या दोन्ही कडा बंद केल्या. दाराखाली टॉवेल खुपसला. भाऊजींचा मोबाइल बाहेर नेऊन ठेवला.

"काय चाललंय?" भाऊजींनी विचारलं.

"काही नाही. डास."

बाराला पुन्हा बसले. पापणी उचलली, टॉर्च दाबली, मोजून पाच आकडे झाल्यावर सोडली.

ठिपका होता.

मी डोकं डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. बाहेरच्या कशाची चमक डोळ्यावर पडली असती तर ती सरकली असती. ही सरकली नाही. ठिपका डोळ्यावर नव्हताच. तो आत होता, खूप आत. लांबलचक बोळाच्या पार दुसऱ्या टोकाला कोणी दिवा घेऊन उभं असावं आणि आपण ते किल्लीच्या भोकातून बघावं, तसा.

मी चार्ट उघडला, तारीख टाकली, वेळ टाकली आणि नेहमीचं वाक्य लिहिलं. हात लिहीत होता, डोकं जागेवर नव्हतं.

४

दुपारी जेवण गेलं नाही. भाऊजी म्हणाले, "तू पण उपास धरलास तर मी कोणाकोणाच्या तोंडात घास घालू?" मी दोन घास गिळले आणि परत खाटेशी जाऊन बसले. मनाशी म्हटलं, बाई, तू घाबरट असशील, पण शिकलेली आहेस. मोज.

मोजलं. टॉर्च पाच आकडे लावली, विझवली, तर ठिपका होता तेवढाच. वीस आकडे लावली, आणि तेवढा वेळ ती टिकावी म्हणून बल्ब नखाने दाबून धरला. विझवली, तर ठिपका खसखशीएवढा झाला होता. माझा उजेड चालू असताना आतलं काही दिसायचं नाही, फक्त बाहुली आकसलेली दिसायची. विझला की कळायचं, आतलं किती जवळ आलंय.

आणि तो ठिपका हलत होता. हातात दिवा धरून माणूस चालतो तेव्हा उजेड वरखाली होतो, तसा. एक हेलकावा लहान, एक मोठा. एक लहान, एक मोठा. माझा उजेड गेल्यावर थोडा वेळ चालला, मग थांबला. डावीकडे गेला. उजवीकडे गेला. शोधत होता.

ती चाल मला ओळखीची होती. लहानपणी आजारात ताईचा डावा पाय एक बोटभर आखूड राहिला होता. साठ वर्षं मी तिला तशीच चालताना पाहिलंय, एक पाऊल सरळ आणि एक बुडतं.

"ताई," मी तिच्या कानाशी म्हटलं, "इकडे गं. इकडे ये."

मोठा उजेड करावा म्हणून मोबाइल आणला. त्याचा झोत टाकला आणि बंद केला, तर ठिपका पार मागे सुईच्या टोकाएवढा झाला होता. भेदरली असावी. भाऊजींची मोठी टॉर्च आणली, तेच झालं. तिला हाच मवाळ उजेड हवा होता, माझ्या जुडग्यातला, आणि त्याचाच बल्ब सैल. म्हणजे गेले दोन दिवस ती चालतेय, आणि दर वेळी अर्ध्या वाटेत मी तिच्या तोंडावर अंधार करतेय! रडूच फुटलं मला.

५

आता एक कबुली. नर्स असाल तर समजेल, नसाल तर शिव्या घाला. वॉर्डात वीस-वीस रोगी असतात. उजवा डोळा ठीक दिसला की डावा नुसता उघडल्यासारखा करायचा आणि लिहून टाकायचं, "दोन्ही बाहुल्या सारख्या." आम्ही सगळ्याच करायचो. सवय लागते. ताईच्या चार्टवर मी कित्येकदा तेच वाक्य लिहिलं होतं, आणि बल्ब सैल झाल्यापासून तर तिचा डावा डोळा एकदाही धड पाहिला नव्हता. उजव्यापर्यंतच टॉर्चचा दम संपायचा.

मंगळवारी सकाळी मला स्वतःची लाज वाटली. सख्ख्या बहिणीचं काम, आणि त्यातही कामचुकारपणा? आधी उजव्या डोळ्याला उजेड दाखवला, ठिपका मोहरीएवढा दिसला, जीव थोडा शांत झाला. मग डावी पापणी उचलली.

डाव्या डोळ्यातून तोच बोळ जरा तिरका दिसत होता. एकाच खोलीला दोन खिडक्या असाव्यात, तसं. ताईचा दिवा दिसला, लहान हेलकावा, मोठा हेलकावा. आणि तिरकं दिसत होतं म्हणून, उजव्या डोळ्यातून तिच्या आड राहत असलेलंही दिसलं.

तिच्या मागे दुसरा दिवा होता.

तो हेलकावत नव्हता. तारेवरून ओढल्यासारखा सरळ येत होता. ताईचा दिवा थांबला की तो थांबायचा. ताईचा निघाला की निघायचा.

मी पापणी सोडली आणि मोरीत जाऊन नळ सोडला. पाण्याखाली हात किती वेळ धरला होता कोण जाणे. भाऊजी दारात येऊन म्हणाले, "अगं, टाकी रिकामी करतेस का?"

६

त्यांना दाखवावं लागलंच. एकटीने पेलणारं नव्हतं. मी काही समजावलं नाही. खाटेजवळ बसवलं, पापणी उचलून धरली, टॉर्च लावली, विझवली.

भाऊजी वाकून बघत राहिले. आधी उजव्या डोळ्यात, मग डाव्या. मग उठले, एका मशिनावरची खोळ उगाच सारखी केली.

"पुढची आपली आहे," ते म्हणाले. "पाय बघ ना."

"हो."

"मागचं कोण?"

"मला काय माहीत?"

"तुझ्या त्या वॉर्डात असं कधी...?"

"भाऊजी, वॉर्डात मी कधी धड पाहिलंच नाही," मी म्हटलं.

त्यांनी हात पुढे केला. "आण ती टॉर्च. आधी बल्ब बघू. बाकीचं मागाहून."

हा माणूस असाच. घरात आग लागली तरी आधी बादलीची कडी घट्ट करील. टेबलावर पांढरं फडकं पसरलं, भिंग डोळ्याला लावलं, नखाएवढा स्क्रू काढला. आत काय, तर नाण्यासारखे दोन सेल आणि मटाराएवढा बल्ब. बल्बचे दोन पाय सेलच्या दोन्ही अंगांना. एक पाय कायम टेकलेला, दुसरा बटण दाबलं की टेकणार. टेकायचा तो पाय वाकून पार बाजूला गेला होता, आणि बल्ब आपल्या भोकात पडलेल्या दातासारखा हलत होता.

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच असतं नेहमी." त्यांनी चिमट्याने पाय सरळ केला. ताईच्या गोळ्यांच्या पाकिटाची चांदी फाडली, तिची बारीक घडी घातली आणि बल्बच्या बुडाशी ठासून बसवली. झाकण लावून स्क्रू पिळला. न दाबताच लख्ख लागली.

"झालं! आता विझायचं नाव नाही," ते म्हणाले. किती तरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर जरा तरतरी दिसली.

मी टॉर्च हातात घेतली, बटण दाबलं, सोडलं. लागलेलीच. दाबा, सोडा, आपटा. लागलेलीच. चांदी जास्त झाली होती, तो पाय आता सेलला कायमचा चिकटून बसला होता.

"भाऊजी, ही बंदच होत नाही."

"मग चांगलंच की. बंद कशाला करायची आहे?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि त्यांच्याही लक्षात आलं. तिला वाट दाखवायची तर मागच्यालाही तीच वाट दिसणार होती.

"थांब, चांदी कमी करतो." त्यांनी स्क्रूकडे हात नेला.

तेवढ्यात आतून ताईच्या घशातून आवाज आला. बावीस दिवसांतला पहिला. लांबवर कोणीतरी धापा टाकावी, तसा.

७

आम्ही धावलो. मंगळवारची दुपार होती, पावणेचार वाजले होते.

"तुम्ही तिकडून बसा," मी म्हटलं. "तिचा हात धरा. दुसऱ्या हाताने डावी पापणी घट्ट मिटून ठेवा. काही झालं तरी सोडायची नाही. एकच खिडकी उघडी ठेवायची."

ते बसले. मी उजवी पापणी उचलली आणि टॉर्च समोर धरली. उजेड जराही हलला नाही. भाऊजींनी काम चोख केलं होतं, अगदी गरजेपेक्षा जास्त.

"ये गं ताई," मी म्हटलं. "ये. इकडे."

"लवकर ये," भाऊजी म्हणाले. "मशीन पुन्हा धागा तोडतंय. मला शिव्या घालायला कोणी नाही."

एकेक मिनिट जात होतं. वर कोणी तरी नळ सोडला, भिंतीतून पाणी गेलं, थांबलं. मी टॉर्च मुठीत झाकून क्षणभर अंधार केला आणि आत पाहिलं. ताईचा दिवा ज्वारीच्या दाण्याएवढा. लहान हेलकावा, मोठा हेलकावा. आता घाईत होती. मूठ उघडली. पुन्हा उजेड.

आणखी थोड्या वेळाने पुन्हा झाकून पाहिलं. बाहुली निम्मी पिवळी झाली होती. आणि तिच्या कडेने, तिच्या मागून, दुसरा उजेड आता या डोळ्यातूनही दिसायला लागला होता. तो आड राहत नव्हता. बाजूला येत होता.

आधी मिटावं तर ताई आत राहील, दारापर्यंत येऊन. गुरुवारी डॉक्टर येतील, चार्ट बघतील, आणि गाडी येऊन तिला घेऊन जाईल. उशिरा मिटावं तर... त्या 'तर'च्या पुढे माझं डोकं जाईना.

"हात!" भाऊजी ओरडले. "अगं, हात दाबला! माझा हात दाबला तिने!"

मी टॉर्च झाकली.

आत अंधार नव्हताच. बाहुली काठोकाठ भरली होती. दोन उजेड होते, इतके लगत की खांद्याला खांदा लागला असावा. एकही हेलकावत नव्हता. दोन्ही स्तब्ध. आणि त्या दोहोंच्या वर, उजेडाच्या कडेला, क्षणभर मला काहीतरी दिसलं. कपाळासारखं. आतून काचेला कपाळ टेकवून बाहेर बघावं, तसं.

एक उजेड पुढे सरला.

कोणाचा, ते कळायच्या आत मी पापणी मिटली. दोन बोटांनी दाबून धरली. भाऊजींनी तिचा हात सोडून ती लागलेली टॉर्च ओढून घेतली, दातांनी फोडली आणि बल्ब उपटून काढला. खोली काळीकुट्ट झाली.

माझ्या बोटांखाली, पापणीच्या आतल्या बाजूने, काहीतरी येऊन टेकलं. एकदा. जरा थांबून आणखी एकदा. डोळे झोपेतही फिरतात, एकतीस वर्षांत मी लाख वेळा पाहिलंय. मी स्वतःला तेच सांगत होते. मग ते टेकणं बंद झालं.

८

"दुखतंय," कोणीतरी म्हणालं.

आम्ही दोघं जागच्या जागी गोठलो.

"डोळा फोडतेस का माझा, ढमे? काढ ना हात."

ढमी मला जगात एकच माणूस म्हणतं. मी हात काढला आणि ताईच्या गळ्यात पडून असं काही रडले की वॉर्डातल्या पोरींनी पाहिलं असतं तर तोंडात बोटं घातली असती. भाऊजी रडले नाहीत. खाटेच्या कडेला बसून हुंदक्यासारखं हसत राहिले. एका हातात फुटकी टॉर्च, ओठाला प्लास्टिक लागून रक्त. ताईने डोळे किलकिले केले, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दाढी करायला काय झालं होतं?"

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी पडदे उघडले. चिमटे उडून खाली पडले. दुपारचं ऊन मशिनांच्या खोळींवर पडलं. त्या संध्याकाळी भाऊजींनी अख्ख्या मजल्याला गोड वाटलं. कारण काय ते कोणाला धड सांगता आलं नाही, पण वाटलं.

गुरुवारी डॉक्टर आले. खिशातून त्यांची झगझगीत पेनासारखी टॉर्च काढली, तेव्हा भाऊजींनी माझं मनगट धरलं. डॉक्टरांनी उजवा डोळा पाहिला. मग डावा. मीही त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहत होते. काळ्या बाहुल्या, आकसल्या, सुटल्या. आत काहीही नाही. दोन साधे, थकलेले, म्हातारे डोळे.

"उत्तम," डॉक्टर म्हणाले. "कुठेही न्यायची गरज नाही. सिस्टर, तुम्ही कमाल केलीत."

"मी नाही, यांनी," मी भाऊजींकडे बोट दाखवलं. "बल्ब यांनी बसवला."

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्यांनी मान हलवली आणि ते निघून गेले.

९

आठवडा झाला. ताईचे पाय अजून उचलत नव्हते, बाकी सगळं ताळ्यावर येत होतं. उशीला टेकून बसायची, भाऊजींना हुकूम सोडायची, माझ्या हातच्या जेवणाला नावं ठेवायची. मी सुखात होते. रात्री गाढ झोपत होते, ही माझ्या बाबतीत मोठीच गोष्ट.

एका सकाळी मी तिची वेणी घालत होते. भाऊजी बाहेर कोणाचं तरी मशीन घेऊन बसले होते.

"ढमे," ती म्हणाली, "एक विचारू? हसशील."

"विचार की."

"मी खूप चालले गं. अंधार होता. लांब एक खिडकी होती, ती मधूनच जायची. गेली की काही सुचायचं नाही." तिने मांडीवरची चादर सारखी केली. "मी एकटी नव्हते. मागून आणखी कोणीतरी येत होती."

माझा हात वेणीत थांबला. मी तो पुन्हा चालू केला.

"त्रास नाही दिला तिने. बोलली पण नाही. शेवटी खिडकीशी आम्ही बरोबरच पोचलो. मग धक्काबुक्की झाली, आणि मला..." तिने माझं मनगट पकडलं. बोटं गार होती. "मला ते शेवटचं आठवत नाही. खूप आठवून बघते, नाही आठवत. बाहेरून तू बघत होतीस. तू सांग. पुढे आली ती मीच होते ना?"

ती मान वळवून माझ्याकडे बघत होती. तोच चेहरा, हनुवटीवर तोच तीळ, डोळ्यांत पाणी. इतकी भ्यालेली मी तिला आयुष्यात पाहिली नव्हती.

"तूच होतीस," मी म्हटलं.

"नक्की?"

"माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तूच."

तिने श्वास सोडला, बराच वेळ धरून ठेवलेला. चेहरा लहान मुलीसारखा मोकळा झाला.

"सुटले बाई," ती म्हणाली आणि मान सरळ करून बसली, म्हणजे मला वेणी पुरी करता यावी.